पहिली बस

टॅक्सीवाले दारातच उभे असतात,
येणाऱ्याच्या बॅगेवर डोळा ठेवून.
साठ, म्हणतात. मग पन्नास.
मग, बरं, तुमचं राहू दे, माझंही राहू दे, चाळीस.
मला कोणी विचारत नाही.
माझ्या हातात डब्याची पिशवी असते
आणि अंगाला रात्रभराच्या फिनेलचा वास.

बस थांबते पार डावीकडे,
भाड्याच्या गाड्यांच्याही पलीकडे,
पाटी आहे, दिवा नाही.
ज्याला माहीत आहे त्यालाच ती सापडते.
तिकीट एक लारी.
एवढ्या पैशात आत पाण्याची बाटली येत नाही,
फार तर तिचं झाकण येईल.

आज माझ्याआधीच कोणीतरी उभं होतं तिथे.
माझ्याच वयाची. इटलीचे बूट,
दोन बॅगा, एक चिकटपट्टीने आवळलेली.
अशा बायका मी चालीवरून ओळखते.
दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला
धरून धरून न्हाणीघरापर्यंत नेता-आणता
त्यांची पावलं आखूड होतात.

अमिरानने सिगारेट विझवली, दार उघडलं.
तिने रुमालाची गाठ सोडून
पन्नास तेत्रीचं नाणं पुढे केलं.
'नाणी बंद झाली, ताई. कार्ड लागतं.
आणि पन्नास कुठलं, आता एक.'
तिने नाण्याकडे असं पाहिलं
की फसवलं ते त्यानेच.

मी माझं कार्ड दोनदा टेकवलं.
ती पाच युरोची नोट काढू लागली.
सुटे नाहीत, राहू दे, मी म्हटलं.
सुटे होते.

त्सिउरी तिचं नाव. बारी शहरात नऊ वर्षं.
सांभाळलेली बाई मार्चमध्ये गेली,
तिच्या मुलांनी बूट दिले.
'घरी कळवलंस?'
'नाही.'
'मग टॅक्सी तरी करायची.'
ती खिडकीकडे वळली.
'टॅक्सी वीस मिनिटांत पोचवते.
एवढ्या लवकर मला नाही जमणार.'

बाहेर फटफटत होतं.
कानात पिवळे बिल्ले घातलेली कुत्री
पेट्रोल पंपापाशी हजेरी लावून बसली होती.
टेकडीवरचं देऊळ आलं,
अख्ख्या बसने छातीवर तीनदा क्रूस काढला,
झोपलेल्या पोरानेसुद्धा, डोळे न उघडता.
त्सिउरीचा हात अर्ध्यावर थांबला.
'हे केव्हा बांधलं?'
कोणालाच नीट आठवेना.

एक माणूस चढला, काखेत चार गरम पाव,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, टोकं बाहेर.
बस भरली त्या वासाने.
ती म्हणाली, 'आमच्या थांब्यावर भट्टी होती.'
'आता औषधाचं दुकान आहे.'
'आणि तुतीचं झाड?'
'ते आहे.'
आहे का, मला ठाऊक नव्हतं.
रोज तिथून जाते, पण डुलकी लागलेली असते.

तिचा थांबा आला.
घंटा मीच दाबली.
दार उघडलं, गार वारा आत आला.
ती बसूनच.
एरवी या बसमध्ये कोणी अर्धा मिनिट रेंगाळलं
तर मागून सात पिढ्यांचा उद्धार होतो.
आज कोणी हूं की चूं केलं नाही.
पाववाला आपल्या बुटांकडे बघत राहिला.
अमिरानने आरसा उगाच पुसला,
मग दार लावलं. हळू.

झाड होतं. मी पाहिलं.
बुंध्याला चुना लावलेला.

पुढच्या थांब्यावर ती उतरली,
बॅगा घेऊन मागे चालत निघाली,
एक थांबा, म्हणजे आठ-नऊ मिनिटं,
वर चिकटपट्टीच्या बॅगेचं चाक मोडकं,
म्हणजे धरा पंधरा.

सीटवर तिचं नाणं राहिलेलं.
विसरली की ठेवलं, कोण जाणे.
त्यात आता अर्धीच बस येते.

मी नेहमीच्या जागी उतरले.
थांब्यापासून माझं दार चाळीस पावलांवर,
पहिल्या दिवशी मोजली होती.
आज पुन्हा मोजली.
सेहेचाळीस भरली.